भात कापल्यावर जमीन उघडी ठेवू नका

शीळ, डायघर, देसाई, खिडकाळी, निळजे या पट्ट्यात इमारतींच्या मधून अजूनही भातखाचरे टिकून आहेत. दिवाळीच्या आगेमागे भारे खळ्यावर जातात, खाचर मोकळे होते आणि इथल्या भाजीपाल्याचा हंगाम सुरू होतो. मुळा, मेथी, लाल माठ, वांगी, मिरची, वाल असे सगळे याच दिवसांत लागते. आपल्याकडची थंडी मातीला फारसा त्रास देत नाही. खरा त्रास कोरड्या वाऱ्याचा आणि उन्हाचा. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण नंतर जूनपर्यंत पावसाचा भरवसा नाही. मातीत मुरलेली ओल हीच आपली पुंजी. ती राखायची असेल, तर हिवाळाभर जमीन झाकलेली हवी.

आधी वाफसा पाहा

चिखलणीमुळे खाचराची माती घट्ट बसलेली असते. ओली असताना नांगरली तर चकचकीत थर निघतात आणि वाळून दगडासारखी ढेकळे होतात. फार सुकू दिली तर भेगा पडतात आणि त्यांतून खालची ओलही उडून जाते. म्हणून वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या, गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा चपटा झाला तर दोन-तीन दिवस थांबा. भुसभुशीत फुटला तर वाफसा आला, आता कामाला लागा. वाफसा चार-पाच दिवसच टिकतो, तो दवडू नका.

खत घालण्याआधी माती तपासा

शेताच्या आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या. कडेची माती गोळा करून मिसळा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. बांधाजवळची किंवा उकिरड्याखालची माती घेऊ नका. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे नीट समजून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 पासून सुरू आहे, कृषी विभागाकडे चौकशी करा.

नमुना घेतल्यावर गुंठ्याला 200 किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळा. कच्चे शेण घातले तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण मिळते. वाफे सपाट किंवा किंचित खोलगट करा, म्हणजे दिलेले पाणी मुळाशी थांबेल.

पेंढा मातीवर ठेवा, मातीत गाडू नका

रोपे वीतभर झाली की ओळींमध्ये तीन बोटे जाड पेंढा पसरा. गुंठ्याला साधारण 50 किलो लागतो. चांगला पेंढा गुरांसाठी राखा. भिजून खराब झालेला पेंढा, बी न धरलेले गवत किंवा सोसायटीत झाडलेला पालापाचोळा आच्छादनाला चालतो. तो कच्चा असताना मातीत गाडला, तर कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडा.

हा पाला राबासाठी जाळायची आपली जुनी रीत आहे. तणाचे बी जळते हे खरे, पण मातीच्या वरच्या थरातले जीवही जळतात आणि खत होणाऱ्या पाल्याची राख होते. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेले सगुणा भात तंत्र जरूर जाऊन पाहा. तिथे गादीवाफे कायमचे असतात, भाताची मुळे जमिनीतच ठेवतात आणि न नांगरता त्याच वाफ्यांवर पुढचे पीक घेतात.

ओलीवरचा वाल

ज्या खाचराला पाणी देता येत नाही, तिथे भात निघताच ओलीवर वाल टोकणे उत्तम. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम चोळून सावलीत सुकवा. शेंगा तोडून झाल्यावर वेल उपटू नका, बुडाशी कापा. मुळांवरच्या गाठींतला नत्र पुढच्या भाताला मिळतो.

खाडीकाठी आणि भरावाजवळ

देसाई खाडीच्या बाजूच्या सखल जमिनीत पाणी सुकते तसे क्षार वर येतात आणि पांढरी साय दिसू लागते. आच्छादनाने बाष्पीभवन कमी होते, म्हणून क्षारही कमी चढतात. अशा जागी वाल नको, पालक तग धरतो. जिथून भरतीचे पाणी शिरते, त्या उघाड्या आणि बांध आत्ताच दुरुस्त करा.

बांधकामाचा राडारोडा पडलेल्या जागी चुना-सिमेंटमुळे सामू वाढतो. राडारोडा उचलल्याशिवाय आणि माती तपासल्याशिवाय भाजी लावू नका. नाल्याचे पाणी पालेभाजीला कधीही देऊ नका. आपली मेथी शेवटी कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जाते.

संक्रांतीची पाहणी

संक्रांतीच्या सुमारास आच्छादनाचा एक कोपरा उचला. खाली माती गार आणि ओलसर असेल, गांडुळाची विष्ठा दिसेल, तर पाण्याच्या पाळ्या थोड्या लांबवता येतील. माती कोरडी लागली तर त्याच दिवशी आणखी पेंढा टाका. उन्हाळा अजून पुढे आहे.