नावं ठेवण्याआधी

मिरज

चि. भाचीबाईंस,


मानसशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात मनाच्या संरक्षण यंत्रणांचं प्रकरण शिकवून झालं, की निम्म्या मुलांना घरात रुग्ण दिसू लागतात. काका ऑफिसातला राग घरी काढतात, म्हणजे विस्थापन. शेजारच्या काकू साऱ्या जगाला कंजूष म्हणतात, म्हणजे प्रक्षेपण. यंदा गणपतीत आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात तू अशी पाच-सहा निदानं केलीस आणि सगळ्यांनी ती हसत ऐकली. दादा तेवढा हसला नाही. डॉक्टरांनी सांगितलेली स्ट्रेस टेस्ट तो पुढे ढकलतोय, हे खरं. पण चारचौघांत ‘बाबा, तुम्ही डिनायलमध्ये आहात’ हे ऐकल्यावर त्यानं ती आणखी पुढे ढकलली, हेही खरं. पुढच्या महिन्यात व्यसनमुक्ती केंद्रात तुझं प्रत्यक्ष काम सुरू होईल. त्याआधी या यंत्रणांच्या यादीचा इतिहास आत्याकडून थोडा ऐकून घे. परीक्षेत तो विचारत नाहीत.

यादीचं मूळ व्हिएन्नातलं. माणूस एखादा असह्य विचार जाणिवेत येऊ नये म्हणून नकळत धडपडतो आणि काही आजार या धडपडीतूनच उद्भवतात, असं सिग्मंड फ्रॉइडनं १८९४मध्ये एका निबंधात मांडलं. पुढची कित्येक वर्षं तो त्या धडपडीच्या निरनिराळ्या तऱ्हांबद्दल सुटंसुटं लिहीत राहिला. आपल्याकडे कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी त्यातल्या दमनावरच प्रबंध लिहून १९२१मध्ये डी.एस्सी. मिळवली आणि फ्रॉइडशी पत्रव्यवहार सुरू केला. पण सगळ्या तऱ्हा एकत्र आणून नीट मांडल्या त्या फ्रॉइडच्या धाकट्या मुलीनं, ॲनानं. वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, १९३६मध्ये, तिनं त्यांना आपलं पुस्तक भेट दिलं. त्यात नऊ यंत्रणा मोजल्या आहेत आणि दहावी म्हणून उदात्तीकरण जोडलं आहे.

ॲना आधी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि हे त्या पुस्तकात पानोपानी जाणवतं. त्यात एक लहान मुलगी आहे. भुताच्या भीतीनं तिला घरातला अंधारा दिवाणखाना ओलांडता येत नसे. एक दिवस ती चित्रविचित्र हातवारे करत तो ओलांडू लागली. धाकट्या भावाला तिनं गुपितही सांगितलं: जे भूत भेटेल असं वाटतं ते आपणच व्हायचं, मग भीती कसली? दुसरा मुलगा ऑगस्ट आयशहॉर्न या समुपदेशकाकडे आणलेला. मास्तर रागावले की हा तोंडं वेडीवाकडी करी, वर्ग खो खो हसे आणि मास्तरांचा पारा आणखी चढे. आयशहॉर्ननं दोघांना समोर बसवून नीट पाहिलं. मुलाच्या चेहऱ्यावर दिसत होता तो मास्तरांचाच संतापलेला चेहरा, थोडा बिघडलेला. पोरगं घाबरलं होतं आणि ज्याची भीती त्याचंच रूप घेत होतं. मास्तरांना त्यात उर्मटपणा दिसला, आयशहॉर्नना भीती दिसली.

ॲनानं याला आक्रमकाशी तादात्म्य म्हटलं. महाराष्ट्रात १९९९मध्ये रॅगिंगविरोधी कायदा आला, पण ज्याला पहिल्या वर्षी रात्रभर उभं केलं तोच दुसऱ्या वर्षी नव्या मुलांना उभं करण्यात सर्वांत पुढे कसा असतो, हे कळायला कायद्याचं पुस्तक पुरत नाही. सासूनं छळलेली सून पुढे कशी सासू होते, हे तर आपल्या घराण्यातही पाहायला मिळालं आहे. इथं दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. ‘हे असं का झालं’ याचं उत्तर यंत्रणेत सापडतं. ‘हे चालेल का’ याचं उत्तर त्यात नाही. रात्रभर उभं करणाऱ्याला तो स्वतः कधीकाळी घाबरला होता म्हणून सूट मिळत नाही.

आता थोरल्या फ्रॉइडचीच गोष्ट घे. १९२३मध्ये त्याच्या तोंडात गाठ दिसली. ती कर्करोगाची आहे हे त्याच्या डॉक्टरनं, फेलिक्स डॉइचनं, आधी त्याच्यापासून लपवलं, आणि हे कळल्यावर फ्रॉइड रागावला. पुढच्या सोळा वर्षांत तिसांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, जबड्याचा भाग काढून तिथं कृत्रिम सांगाडा बसवला, तरी सिगार सुटला नाही. १९३३मध्ये बर्लिनमध्ये त्याची पुस्तकं जाळली गेली. अनेक सहकारी देश सोडून गेले, हा व्हिएन्नातच राहिला. मार्च १९३८मध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि २२ तारखेला गेस्टापोनं ॲनाला चौकशीसाठी नेलं. ती संध्याकाळी परत आली, तेव्हा कुठे व्हिएन्ना सोडायला हवं हे त्याला पुरतं पटलं. जूनमध्ये कुटुंब लंडनकडे निघालं. चार म्हाताऱ्या बहिणी मागे राहिल्या आणि नंतर नाझींच्या छळछावण्यांच्या बळी ठरल्या. नकाराबद्दल, म्हणजे तुझ्या ‘डिनायल’बद्दल, ज्यानं जगाला सांगितलं, त्याचं हे असं झालं. यंत्रणांची नावं पाठ झाली म्हणून त्यांच्यापासून सुटका होत नाही.

नकाराचीच दुसरी बाजू बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दिसली. थॉमस हॅकेट आणि नेड कॅसम या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात हृदयविकाराचा झटका येऊन अतिदक्षता विभागात पडलेल्या रुग्णांचं निरीक्षण केलं. यंत्रांच्या टिकटिकाटात, शेजारच्या खाटेवरचा माणूस गेलेला पाहूनही, काही जण ‘मला काही झालेलं नाही’ असं ठामपणे सांगत. तेच तुलनेनं कमी घाबरलेले होते. त्या दोन-चार दिवसांत नकार त्यांच्या कामी आला. पण १९८७च्या आणखी एका अभ्यासात पुढचा भाग कळला. असे नाकारणारे रुग्ण अतिदक्षता विभागातून लवकर बाहेर आले, मात्र घरी गेल्यावर वर्षभरात औषधपथ्य पाळण्यात मागे पडले आणि त्यांना पुन्हा रुग्णालयात जास्त दिवस काढावे लागले.

तीच यंत्रणा, तोच रोग, फक्त दिवस वेगळे. आणि रुग्णालयात पोहोचण्याआधीचे तास तर सर्वांत घातक. छातीत कळ येते आणि माणूस ‘गॅस धरला असेल’ म्हणून सोडा पिऊन पडून राहतो. म्हणून कुणाचा नकार दिसला, की तो आहे की नाही यापेक्षा तो आत्ता काय सांभाळतोय आणि किती काळ सांभाळू शकेल, हे विचारायचं. दादा काय सांभाळतोय, हे तुला ठाऊक नसेल. आबांना ‘नुसती तपासणी’ म्हणून नेलं होतं आणि ते तिथून घरी आले नाहीत. तेव्हा दादा सोबत होता. त्याला ‘डिनायल’ हा शब्द ऐकवण्याऐवजी टेस्टच्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर जा. बाहेरच्या बाकावर बसून राहिलीस तरी पुरे.

बाकीच्या काही यंत्रणा चटकन उरकता येतात, कारण त्या आपल्या घरच्याच आहेत. खरं कारण गैरसोयीचं असलं की दुसरं भरजरी कारण पुढे करायचं, याला अर्नेस्ट जोन्स यांनी १९०८मध्ये शास्त्रीय नाव दिलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्या आजीला त्यासाठी जोन्स वाचावे लागले नव्हते. वड्याचं तेल वांग्यावर निघतं तेव्हा वांग्याची बाजू घ्यायला कुणीतरी हवं, एवढं विस्थापनाबद्दल पुरे.

एका यंत्रणेपाशी मात्र थांबायला हवं, कारण ती मानसशास्त्र शिकणाऱ्यांना हमखास धरते: बौद्धिकीकरण. ॲनाच्या पुस्तकात किशोरवयावर एक प्रकरण आहे. या वयातली मुलं प्रेम, मैत्री, स्वातंत्र्य यांवर तासन्‌तास उंची चर्चा करतात, आणि त्या चर्चेचा त्यांच्या वागण्यावर फारसा परिणाम झालेला दिसत नाही, असं तिनं नोंदवलं. आत जे उसळतंय त्याला विचाराच्या पातळीवर आणलं की ते हाताळता येईलसं वाटतं.

आजीच्या तेराव्याला तू एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या शोकाच्या पाच अवस्था सगळ्यांना समजावून सांगितल्यास. कोण कुठल्या अवस्थेत आहे, तेही सांगितलंस. त्यांचं १९६९चं पुस्तक मुख्यतः शिकागोत मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यांवर उभं आहे. मागे उरलेल्यांना त्या अवस्था नंतर लावल्या गेल्या आणि त्या सगळ्यांना क्रमानं येतातच असंही नाही. पण चूक काढायला हे लिहिलेलं नाही. त्या दिवशी तू अर्धा तास बोललीस आणि त्यात आजीबद्दल एकही वाक्य नव्हतं. तिनं तुला वाढवलं, शाळेत सोडलं, परीक्षेच्या रात्री कॉफी करून दिली. त्या दिवशी तुला त्या पाच अवस्थांची गरज होती, म्हणून कुणी अडवलं नाही. काकूनं तेव्हा उठून सगळ्यांना चहा विचारला, तो यासाठीच. तिनं कुठलंही प्रकरण वाचलेलं नाही.

यंत्रणा चांगल्या की वाईट, या प्रश्नावर सर्वांत जास्त काळ काम केलं ते जॉर्ज व्हॅलंट यांनी. हार्वर्डमध्ये १९३८मध्ये २६८ विद्यार्थी निवडून त्यांचं आयुष्यभर निरीक्षण करण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. तो पुढे व्हॅलंट यांच्या हाती आला. १९७७मध्ये त्यांनी ‘ॲडॅप्टेशन टू लाइफ’ लिहिलं आणि यंत्रणांची चार पायऱ्यांची उतरंड मांडली. खालच्या पायरीवर वास्तवच मोडून टाकणारा नकार, वरच्या पायरीवर विनोद, परोपकार, उदात्तीकरण, पुढचं ओळखून तयारी ठेवणं आणि ‘हे आत्ता नको, नंतर बघू’ असं समजून-उमजून ठरवणं. निवडलेले सगळे पुरुष, तेही हार्वर्डचे, ही त्या अभ्यासाची मर्यादा. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलग्यांचा दुसरा गट त्यांनी पुढे जोडून घेतला. वरच्या पायऱ्यांचा संबंध पुढच्या आयुष्यातल्या कामाशी, नात्यांशी आणि समाधानाशी दिसला. तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे ही माणसं एकाच पायरीवर अडकून राहिली नाहीत. विशीत जो दुसऱ्यावर खापर फोडत होता, तो पन्नाशीत स्वतःवर हसायला शिकलेला सापडतो. विशीतल्या वागण्यावर कायमचा शिक्का मारला असता, तर हे कुणाला दिसलंच नसतं.

आता तुझं केंद्र. तिथं पहिल्या दिवशी ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं: ‘मी मनात आणलं तर कधीही सोडीन.’ ते खोडून काढायची घाई करू नकोस. न्यू मेक्सिकोतले विल्यम मिलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३मध्ये दारूच्या समस्येसाठी आलेल्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकं वर्षभरानंतर त्या माणसाचं पिणं जास्त आढळलं. पुण्यात १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांनी त्याला मोठा हातभार लावला. तिथं बरे झालेले रुग्णमित्र पुढे तिथलेच कार्यकर्ते झाले. ‘कधीही सोडीन’ हे वाक्य स्वतः अनेकदा म्हणून झालेला माणूस समोर बसला, की नव्यानं आलेल्याला भांडायला कुणी उरत नाही. व्हॅलंट ज्याला परोपकार म्हणतात, तो तिथं रोज सकाळी हजेरी घेताना आणि पथ्याचं ताट वाढताना दिसतो. अशा माणसांच्या शेजारी बसायची संधी मिळाली तर वही मिटून ठेव.

बाकीच्या वेळी वही लागेलच. नोंद करताना माणूस काय म्हणाला, काय केलं आणि त्याच्या आधी नेमकं काय घडलं, एवढं आधी लिही. यंत्रणेचं नाव सर्वांत शेवटी, तेही पेन्सिलनं. दोन आठवड्यांनी तेच पान पुन्हा वाच आणि लागलं तर खोड. वहीची मागची चार पानं स्वतःसाठी राखून ठेव: कुठल्या रुग्णाचा राग आला, कुणाला टाळावंसं वाटलं, कुणासमोर उगाच जास्त बोललीस. फीबी क्रेमर यांनी २००१मध्ये एका सहकाऱ्याबरोबर लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की एखादी यंत्रणा कशी चालते हे मुलाला समजलं की तो ती कमी वापरू लागतो. मोठ्यांचं इतकं सोपं नसतं, हे फ्रॉइडकडे पाहून कळतंच. तरी ती चार पानं भर. ती कुणाला दाखवायची नाहीत, आत्यालाही नाही.

टेस्टची तारीख दादाकडून काढून घे आणि मला फोनवर कळव. डबा मी पाठवते, त्या दिवशी वहिनीला स्वयंपाकात अडकवू नकोस. दादा-वहिनींना सा. न., धाकट्याला आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम.

तुझी,
आत्या