एमआरआयच्या चित्रात रेघ का येते?

प्रश्न : आमच्या रुग्णालयातल्या दीड टेस्ला एमआरआयच्या चित्रांत अधूनमधून ठिपक्यांची रेघ येते. इंजिनिअर म्हणतात, मशीन ठीक आहे, खोलीचं दार तपासा. दाराचा काय संबंध?

उत्तर : अगदी थेट संबंध आहे. हे मशीन शरीरातल्या हायड्रोजनचा संकेत सुमारे 64 मेगाहर्ट्‌झला टिपतं. संकेत फार क्षीण असतो. त्याच वारंवारतेच्या पट्ट्यातली बाहेरची रेडिओ लहर आत शिरली, की रेघ उमटते. म्हणून खोलीच्या सहाही बाजू बहुधा तांब्याच्या पत्र्याने मढवतात. त्यातून साधारण 100 डेसिबलची घट अपेक्षित असते. म्हणजे लहरीची शक्ती एक हजार कोटी पटीने घटायला हवी.

पत्रा सहसा दगा देत नाही, दार देतं. त्याच्या कडेला बेरिलियम-तांब्याच्या लवचीक पट्ट्यांची रांग असते. स्ट्रेचरच्या धक्क्याने चार-पाच पट्ट्या मोडल्या किंवा मळल्या, की तिथे फट राहते. फट केसाएवढी बारीक असली तरी लांब असेल, तर लहर आत येतेच. अचुंबकीय टॉर्चने प्रत्येक पट्टी बघा, मोडलेल्या बदलून घ्या.

आणखी एक. नळ्यांसाठी भिंतीत बसवलेल्या धातूच्या पाइपातून कुणी मॉनिटरची वायर आत ओढली आहे का? तो पाइप रिकामा असताना लहर अडवतो, पण धातूची वायर गेली की तीच अँटेना बनते. अशी वायर आजच काढा. विजेच्या तारा फिल्टरमधूनच आत आल्या पाहिजेत. दुरुस्तीनंतर खोलीची चाचणी करून लेखी अहवाल मागून घ्या.