रक्त कधी तपासावे? गुप्तरोगांच्या शंकेविषयी थोडेसे

काळेवाडी ही प्रामुख्याने कामगारांची वस्ती. पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांत पाळीवर जाणारी, कुटुंब गावी ठेवून खोली करून राहणारी अनेक माणसे येथे आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो, तोही बहुधा दार लोटून घेतल्यावर आणि दुसऱ्याच एखाद्या तक्रारीच्या आडून: "डॉक्टर, परवा चूक झाली, आजच रक्त तपासून घेऊ का?"

आज तपासलेले रक्त परवाविषयी काहीच सांगत नाही. जंतूंचा शिरकाव झाल्यावर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करण्यास शरीराला काही आठवडे लागतात, आणि बहुतेक तपासण्या ही प्रतिद्रव्येच शोधतात. या मधल्या काळास 'विंडो पिरियड' म्हणतात. त्या काळातील निर्दोष रिपोर्ट खिशात घालून घरी जाणारा मनुष्य स्वतःची आणि पत्नीचीही फसवणूक करीत असतो. एच.आय.व्ही.साठी प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीच्या तपासणीचा निष्कर्ष ४५ दिवसांनंतर, तर बोटातील रक्तावर होणाऱ्या झटपट तपासणीचा ९० दिवसांनंतर विश्वसनीय मानतात.

उपदंश, म्हणजे लोकांच्या बोलीतील गरमी, अधिक फसवा. त्याचा व्रण साधारणतः तीन आठवड्यांनी उठतो, दुखत नाही आणि औषधावाचूनही भरून येतो. रोग मात्र आतच राहतो. म्हणून पहिली तपासणी निर्दोष आली तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. आरंभीच कळल्यास पेनिसिलीनचे एक इंजेक्शन सहसा पुरते. परमा पुरुषांत काही दिवसांतच जळजळ आणि पू यांनी स्वतःची वर्दी देतो. स्त्रियांत मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही.

तपासणीस उतावीळ होऊ नये. डॉक्टरांकडे येण्यास मात्र क्षणाचाही विलंब नको. एच.आय.व्ही.चा संभव असल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करून ती २८ दिवस घेता येतात. जितकी लवकर, तितकी गुणकारी. ही मुदत उलटल्यावर येणारा रुग्ण पाहून आम्हांस फार हळहळ वाटते. उलट कॅन्टीनचे ताट, सार्वजनिक शौचालय किंवा डास यांची धास्ती घेऊन येणाऱ्यांना केवळ धीर द्यावा लागतो.

या विषयावरील एक महत्त्वाचे संशोधन आपल्याच परिसरातील आहे. भोसरीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली (तिचे नाव अलीकडे बदलले आहे). १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, तरीही त्यांच्यातील १३.६ टक्के एच.आय.व्ही.बाधित आढळल्या. गुप्तरोग असलेल्या जोडीदाराशी संबंध, हेच त्यामागील ठळक कारण दिसले. पतीवाचून कोणास न जाणणारी स्त्री स्वतःहून तपासणीस येईल तरी कशी? म्हणून पुरुष आला की पत्नीसही आणावे, असा आमचा आग्रह असतो. एकानेच औषध घेतल्यास परमा दुसऱ्याकडून परत येतो. गरोदर स्त्रीची एच.आय.व्ही. व उपदंशाची तपासणी तर पहिल्याच भेटीत व्हावी, कारण वेळीच उपचार झाल्यास बाळ बहुधा वाचते.

नोकरी जाईल, या भीतीने अनेकजण येत नाहीत. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने संमतीवाचून तपासणी करण्यास व निष्कर्ष इतरांस सांगण्यास, काही मोजके अपवाद वगळता, मनाई आहे. केवळ या कारणावरून नोकरीत भेदभावही करता येत नाही. देणगीदार यंत्रांविषयी आस्थेने विचारतात. या कामी मात्र दार नीट लागणारी समुपदेशकाची खोली यंत्राइतकीच आवश्यक आहे, असे आमचे मत आहे. ज्यांना तेथवर येणेही अवघड वाटते, त्यांनी १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक लावावा. नाव सांगावे लागत नाही.