‘स्टार ट्रेक’ : एका नवख्या प्रेक्षकाचे टिपण

गेल्या वर्षी आमच्या विभागात चर्चासत्रात वाचावयाच्या निबंधांचे विषय ठरत होते. अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने ‘स्टार ट्रेक आणि भाषा’ असा विषय कागदावर लिहून आणला. मी तो वाचला आणि हसून परत केला. “अगं, अग्निबाणांच्या लढायांत भाषेचे काय काम? एखादा वाङ्मयीन विषय घे,” असे म्हणालो. ती वाद न घालता निघून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी होती. तीत तीन भागांची नावे होती आणि खाली एकच ओळ : “सर, एवढे तीनच पाहा, मग नाही म्हणा.”

नारळीकरांच्या कथा सोडल्या तर विज्ञानकथेशी माझा संबंध नव्हता. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका दाखवली गेली, तेव्हा आमच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हता. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत संगणकासमोर बसलो तो अगदी कोऱ्या पाटीने; खरे सांगायचे तर, पूर्वग्रहाने भरलेल्या पाटीने.

भाषेचा शिक्षक असल्यामुळे प्रथम नावाकडेच लक्ष गेले. ‘ट्रेक’ हा शब्द इंग्रजीत आला तो दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतकऱ्यांच्या बोलीतून. बैलगाड्या जुंपून केलेला लांबचा, खडतर प्रवास असा त्याचा जुना अर्थ. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने आपली कल्पना मांडताना ‘वॅगन ट्रेन’ या तेव्हाच्या लोकप्रिय मालिकेचा दाखला दिला होता. तीत अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेला गाड्यांचा तांडा वाटेत दर आठवड्याला नवी माणसे, नवे पेचप्रसंग भेटत पुढे सरके. तोच तांडा रॉडनबेरीने ताऱ्यांच्या वाटेला लावला. म्हणजे माझ्या समजुतीतल्या अग्निबाणाच्या मुळाशी बैलगाडीच निघाली!

मालिकेचा इतिहास थोडक्यात असा. नमुन्यादाखल केलेला पहिला भाग एन.बी.सी. या कंपनीने १९६५ मध्ये नाकारला. तो फार बौद्धिक आहे, अशी तक्रार होती. मात्र दुसरा नमुना करण्याची संधी तिने दिली आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. तीन हंगामांत ७९ भाग होऊन १९६९ मध्ये ती बंद पडली. पुढे स्थानिक केंद्रांवरील पुनःप्रक्षेपणांतून तिला खरा प्रेक्षक मिळाला. त्या बळावर १९७९ मध्ये चित्रपट निघाला. त्यात मुंबईच्या पर्सिस खंबाटा हिने डोक्याचे मुंडन करून इलिया ही भूमिका केली होती. १९८७ पासून ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही दुसरी मालिका आली, आणि त्यानंतर ही वंशावळ वाढतच गेली.

आरंभीच्या मालिकेजवळ पैसा फार नव्हता. दर आठवड्याला ‘एंटरप्राइज’ हे प्रचंड यान एखाद्या ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते. म्हणून माणसे यानातून अदृश्य होऊन क्षणात जमिनीवर प्रकट होतात, अशी युक्ती काढण्यात आली. आज प्रसिद्ध असलेले ते ‘ट्रान्सपोर्टर’ यंत्र अशा काटकसरीतून जन्मले. पुठ्ठ्याचे वाटावेत असे खडक पाहून मला आमच्या गॅदरिंगच्या नाटकांची आठवण झाली. पण नेपथ्य तोकडे असले की नाटककाराला संवादांवर आणि पेचावर भिस्त ठेवावी लागते. येथेही तेच झाले आहे.

चिठ्ठीतला पहिला भाग ‘द डेव्हिल इन द डार्क’, मार्च १९६७ चा. एका दूरच्या ग्रहावरील खाणीत कोणी राक्षसी प्राणी कामगारांना ठार करीत असतो. पन्नासावर माणसे मेलेली आहेत. कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक त्याच्या शिकारीला निघतात. प्राणी सापडतो तो जखमी. त्याचे शरीर आपल्यासारखे कार्बनवर आधारलेले नसून सिलिकॉनचे असते. आपण हवेतून चालावे तसा तो खडकातून चालतो. स्पॉक आपले मन त्याच्या मनाशी जोडतो आणि उलगडा होतो : ती एक आई आहे. खाणीत सापडणारे जे गोल दगड कामगार निरुपयोगी म्हणून फोडून टाकीत होते, ती तिची अंडी होती. राक्षस कोण, हा प्रश्न तिथे उलटा होतो. ज्या कामगारांनी काठ्या उगारल्या होत्या, त्यांच्या हातांतील काठ्या खाली येतात आणि शेवटी दोन्ही पक्षांत करार होतो. येथे कोणी दुष्ट नव्हते. कोणी विचारले नव्हते, एवढेच.

दुसरा भाग जानेवारी १९६९ चा. त्यात दोन कट्टर वैरी आहेत. दोघांचेही अर्धे अंग काळे, अर्धे पांढरे. मग वैर कशाचे? एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची पांढरी! कर्कला हा फरक दाखवून द्यावा लागतो. मलाही तोपर्यंत तो दिसला नव्हता. अखेर दोघे आपल्या ग्रहावर परततात, तो तेथील सगळी प्रजा आपसांत लढून नष्ट झालेली असते. तरीही दोघे एकमेकांचा पाठलाग सोडीत नाहीत. कलाकृती म्हणून हा भाग मला कमी प्रतीचा वाटला. तात्पर्य इतक्या मोठ्याने सांगितले आहे की प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. परंतु मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या एप्रिल १९६८ मध्ये झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तो मोठा आवाज समजून घेता येतो.

तिसरा भाग ‘डारमॉक’ हा १९९१ चा, म्हणजे दुसऱ्या मालिकेतला, आणि माझी खोड मोडणारा. कॅप्टन पिकार्डची गाठ टामेरियन नावाच्या लोकांशी पडते. यानावरील भाषांतरयंत्र त्यांचा प्रत्येक शब्द उलगडून देते, तरी अर्थ लागत नाही. कारण ते लोक केवळ आपल्या पुराणकथांतील नावे आणि प्रसंग यांच्या उल्लेखांनीच बोलतात. कथा ठाऊक नसेल तर वाक्य म्हणजे नुसता आवाज. शेवटी त्यांचा कप्तान पिकार्डला एका निर्जन ग्रहावर नेतो आणि एका हिंस्र प्राण्याशी दोघांनी मिळून लढण्याचा प्रसंग घडवून आणतो. दोन अनोळखी वीर समान संकटापुढे मित्र झाले, ही त्यांची जुनी कथा तो प्रत्यक्ष जगून समजावतो. त्यात त्याचा प्राण जातो. तो मरणोन्मुख असताना पिकार्ड त्याला गिल्गमेशची कथा सांगतो.

वर्गात मी हे कितीदा शिकवले होते! ‘ध चा मा केला’ हे वाक्य शब्दकोश घेऊन कोणी सोडवू पाहील तर त्याला काय हाती लागेल? ‘त्याचे पानिपत झाले’ यात पानिपत हे गाव आहे, एवढेच त्याला कळेल. आपणही थोडे टामेरियनच आहोत. अर्थात शंका उरतातच. असे लोक यान कसे बांधीत असतील? अमुक खिळा तमुक भोकात घाल, हे कोणत्या पुराणात सांगितलेले असेल? आणि मुळात लहान मुलांना त्या कथा कोणत्या भाषेत सांगितल्या जात असतील? या शंका रास्त आहेत. पण शंका काढावीशी वाटणे हेच त्या भागाचे यश आहे.

एकूण मालिकेत दोषही आहेत. माणुसकीच्या एकतेची ग्वाही देणाऱ्या पहिल्या मालिकेत खान नूनियन सिंग हे भारतीय पात्र मेक्सिकोत जन्मलेल्या नटाने रंगवले. १९६९ च्या अखेरच्या भागात तर स्त्रीला यानाचे कप्तानपद मिळत नाही असे सूचित होते. कप्तान स्त्री ही एखाद्या मालिकेची मुख्य नायिका होण्यास ‘व्हॉयेजर’, म्हणजे १९९५ साल उजाडावे लागले. उद्याचे जग रंगवणाराही आपल्या आजच्या खिडकीतूनच पाहतो.

आज सर्व मालिकांचे मिळून आठशेहून अधिक भाग आहेत. नवख्याने पहिल्यापासून क्रमाने पाहत जाण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक भाग बहुधा स्वतंत्र कथा असल्याने जाणत्याकडून पाच-सहा नावे घ्यावीत आणि प्रत्येक भागानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : येथे परका कोण होता, आणि तो कळला कसा?

सुट्टीनंतर मी त्या विद्यार्थिनीला बोलावले, माझी चूक कबूल केली आणि विषय मंजूर केला. चर्चासत्राला कन्नड विभागाची मुलेही आली होती. तिने ‘ध चा मा’चे उदाहरण देताच आमची मुले हसली, कन्नड बाके गप्प राहिली. तेव्हा तिला नारायणराव पेशव्यांची आख्यायिका सांगावी लागली. ती संपताच मागून एक कन्नड विद्यार्थी उठून म्हणाला, “आता मी सांगतो. ओनके ओबव्वा!” या वेळी गप्प राहण्याची पाळी आमची होती. मग त्याने सांगितले : चित्रदुर्गाच्या किल्ल्यावर पहारेकरी नवरा जेवायला बसलेला असताना, खडकातल्या भोकातून एकेक करून आत शिरणाऱ्या हैदरअलीच्या शिपायांना हातातल्या मुसळाने लोळवणारी ओबव्वा. कन्नड माणसाला ते नाव उच्चारले की पुरते.

मी या गावात वीस वर्षे शिकवतो आहे. कन्नड विभाग माझ्या खोलीपासून एका जिन्याच्या अंतरावर आहे. बाजारात लागते तेवढे कन्नड मला येते, म्हणजे भाषांतरयंत्राइतके. त्या दिवशी चर्चासत्र ठरल्या वेळेपेक्षा तासभर लांबले, आणि अध्यक्ष या नात्याने मी घंटा वाजवली नाही.