काकांचं रेडिएशन आणि तुझी धास्ती

अगं, आधी तो मोबाइल बाजूला ठेव बघू. साइड इफेक्टची ती लांबलचक यादी सगळीच्या सगळी काकांच्या वाट्याला येणार नाहीये. त्यांना शेक द्यायचाय तो प्रोस्टेटवर. प्रोस्टेटच्या वर लघवीची पिशवी, मागे गुदाशय. या दोन्हींनाही थोडे किरण लागतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ होते, शौचाची घाई होते. रेडिएशनचा शेक संपल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांचं हे ओसरतं.

‘वीसच वेळा शेक म्हणजे डोस जास्त देतात का?’ असं विचारलंस ना? दर वेळचा डोस थोडा जास्त असतो, पण एकूण कमी. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या सुमारे 3,200 रुग्णांच्या अभ्यासात 37 ऐवजी 20 वेळांत दिलेला शेक तितकाच लागू पडला, आणि पुढचा त्रासही वाढला नाही.

खरं सांगू का, तुझ्या हातात आहे ती शेकाआधीची रोजची तयारी. बहुतेक ठिकाणी पोट साफ आणि लघवीची पिशवी भरलेली लागते. पिशवी भरली की आतडी वर सरकतात, पिशवीचाही बराच भाग किरणांपासून लांब राहतो. गुदाशयात गॅस असला तर प्रोस्टेट जागचं हलतं. किती पाणी, किती वेळ आधी, हे रेडिएशन विभागातली माणसं सांगतील. रोज अगदी तसंच करायचं. रांग लांबली आणि काकांना धरवेना, तर गप्प बसू देऊ नकोस. तू ऊठ आणि सांग.

गॅस होतो म्हणून उसळी, राजमा, कोबी, फ्लॉवर सध्या नको. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, सोसत असेल तर ताक दे. चहा कमी, तंबाखू बंद. पण सारखं जावं लागतं म्हणून ते पाणीच तोडतील बघ! तसं करू देऊ नकोस. लघवी घट्ट झाली की आग वाढते. थकवा आला तरी रोज थोडं चालायला ने, पडून राहिल्याने तो वाढतो. बाहेरून दिलेल्या शेकाने अंगात किरण उरत नाहीत, नातवाला खुशाल मांडीवर घेऊ देत.

शेकानंतर येऊ शकणाऱ्या शरीरसंबंधांतल्या अडचणींवरही औषधं आहेत गं. ते तू नको विचारूस, काका-काकूंना दोघांनाच डॉक्टरांसमोर बसव.

लघवी अडली, ताप आला किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी फोन कर. आणि हे वहीत लिहून ठेव: पुढे वर्षा-दोन वर्षांनी शौचातून रक्त आलं आणि दुसऱ्या कुणी दुर्बिणीने तपासायचं ठरवलं, तर रेडिएशन झाल्याचं आधी सांगायचं. गुदाशयाचा तुकडा तपासायला काढला तर जखम लवकर भरत नाही.