डबे वेळेप्रमाणे लाव

बाळा, परवा तुझ्या नव्या घरी आले आणि भरलेलं स्वयंपाकघर बघून जीव सुखावला. तांदूळ, चार प्रकारच्या डाळी, कडधान्यं, पिठं, काही म्हणता काही कमी नाही. तरी रात्री नऊला लोकलमधून उतरून आलीस, सगळ्या डब्यांकडे एकदा बघितलंस आणि बाहेरून जेवण मागवलंस. मला राग आला नाही. सीएसएमटी ते टिटवाळा सुमारे 64 किलोमीटर, दीड तास जायला, दीड तास यायला. एवढं करून आलेल्या बाईला ओट्यापाशी उभं राहून विचार करायला लागू नये. तुझे डबे दुकानासारखे लावलेत, म्हणून तो करावा लागतो. डाळी एका फळीवर, कडधान्यं दुसऱ्या, पिठं तिसऱ्या. माझ्या सासूबाई डबे वेळेप्रमाणे लावायच्या आणि मीही आयुष्यभर तसेच लावले.

हाताशी असलेल्या फळीवर फक्त न भिजवता शिजणारं ठेव. मूगडाळ, मसूरडाळ, पोहे, भाजलेला रवा, बेसन, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाची पिठी. दमून आलीस की त्या फळीपलीकडे बघायचंच नाही. वरच्या फळीवर रात्री भिजवायचं ते: मटकी, चवळी, छोले, कडवे वाल. खाली सवडीचं आणि मोठे डबे. रात्री झोपायला जाताना वरच्या फळीकडे एक नजर टाकायची आणि मूठभर काहीतरी पाण्यात टाकायचं. उद्या काय करायचं हे तेव्हा ठरलं नाही तरी चालेल; भिजलेली मटकी सकाळी आपणच सांगते.

कुळथाची पिठी घरात असली की माणूस उपाशी झोपत नाही. दोघांना चार मोठे चमचे पिठी घे आणि आधी वाटीभर गार पाण्यात कालव. गरम पाण्यात टाकलीस तर गुठळ्या झाल्याच म्हणून समज. कढईत तेल, सहा-सात लसणीच्या पाकळ्या ठेचून, त्या तांबूस झाल्या की हिंग, हळद, तिखट. मग दोन वाट्या पाणी, मीठ, दोन-तीन आमसुलं. पाण्याला उकळी आली की एका हाताने कालवलेली पिठी ओतायची आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. आधी पातळ दिसेल, घाबरून आणखी पिठी घालू नकोस. पाच-सहा मिनिटांत दाटते, आणि ताटात वाढल्यावर आणखी घट्ट होते. शेजारी कुकरला मऊ भात लावलेला असतोच. भात होईपर्यंत पिठी तयार, वर ओलं खोबरं असलं तर घाल, नसलं तरी अडत नाही.

आमसुलावरून आठवलं. तुझी आमटीची डाळ कधीकधी बोटचेपी राहते ना? आंबट आधी पडलं की डाळ, कडधान्य लवकर शिजत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो नेहमी डाळ मऊ झाल्यावर. आणि तीच डाळ एरवी शिजायची, आता शिजत नाही, असं झालं तर ती जुनी झाली असं समज. म्हणून नवं सामान आणलं की डब्यात वरून ओतू नकोस. जुनं काढ, डबा पुसून कोरडा कर, नवं खाली, जुनं वर. कंटाळवाणं काम आहे, पण ह्याच्याशिवाय साठवण म्हणजे नुसती अडगळ.

तुम्ही दोघंच आहात, वर्षाचं भरू नका. आमच्या घरात नऊ माणसं होती म्हणून वैशाखात गच्ची भरून धान्य वाळायचं. तुला दीड-दोन महिन्यांचं पुष्कळ. मात्र पावसाळ्याआधी एक रविवार काढ. डाळी, कडधान्यं, लाल मिरच्या कडक उन्हात घाल, पण ऊन लागलेलं धान्य तसंच गरम डब्यात भरू नकोस. आत वाफ धरते आणि बुरशी येते. रात्रभर घरात निवू दे. तूरडाळीला किलोला चहाचा चमचाभर एरंडेल चोळ. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला. बोरिक पावडर मी कधीच सोडली. धुण्यात कसर राहिली तर ती पोटातच जायची. मसाल्याच्या बरणीत वर खडा हिंग. आणि शेंगदाणे कडवट, खवट किंवा काळपट झाले तर हळहळ न करता टाकून दे. ते भाजून विष जात नाही.

सुकट, सोडे तू खातेस म्हणून सांगते. सुकट आधी कोरडीच तव्यावर भाज, डोकी आणि चुरा पाखडून काढ, मग धू. आधी धुतलीस तर रेती आतच बसते. डबा वेगळा, घट्ट झाकणाचा, पिठांपासून लांब.

26 जुलै 2005 तुला आठवणार नाही, फार लहान होतीस. काळू नदी फुगली होती, गाड्या बंद, वीज गेलेली. तुझे आजोबा तिसऱ्या दिवशी घरी पोचले. भाजी नाही, दूध नाही, फ्रीजमधलं नासलेलं. चाळीतल्या चार बिऱ्हाडांनी माझ्याकडचे तांदूळ, मूगडाळ आणि पापड एकत्र करून खिचडी केली. त्या दिवसांत मला कळलं की मिक्सर लागेल अशा स्वयंपाकावर घर चालवू नये. सुकं खोबरं, तीळ भाजून कुटून ठेव, दाण्याचं कूट ठेव, लसणाची चटणी ठेव. ह्या तीन बरण्या असल्या की वीज असो नसो, आमटीला चव येते आणि भाकरीबरोबर काहीतरी असतं.

साठवण भरली म्हणून बाजार सोडू नकोस मात्र. पावसाळ्यात आसपासच्या पाड्यांवरच्या बायका टाकळा, कुरडू, भारंगी घेऊन बसतात. त्यांच्याकडून घे आणि कशी करायची ते त्यांनाच विचार, माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. भाव करू नकोस. पहाटे रान तुडवून आणलेली भाजी असते ती. टाकळ्याच्या कोवळ्या पाल्यात मूठभर भिजलेली मूगडाळ घातली की झाली भाजी. घरची डाळ आणि दारची पालेभाजी, एवढ्यावर आमचे आषाढ-श्रावण निघाले.

आणखी एक. डब्यात एक वाटी उरली की तेव्हाच यादीत लिही. रिकामा झाल्यावर लिहायचं म्हटलं की तो नेमका पावसाच्या रात्री रिकामा होतो.

बिरडं मात्र कागदावर शिकवता येत नाही. वाल आठ-दहा तास भिजवायचे, उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. साल सुटते तेव्हा बोटाला कळतं किती दाबायचं ते. आज गुरुवार. मी रात्री दोन वाट्या वाल भिजत घातलेत. शनिवारी सकाळी ये, सोलायला बसू.