घराचे माप आधी, पाया मागाहून



गळीत हंगाम आटोपून उसाचे पैसे हाती आले, की आपल्या पारोळा भागात घरांची कामे निघतात. काम संपते तेव्हा अंगणात नि बांधालगत तुटक्या विटा, सळयांचे तुकडे, खरवडलेला गिलावा यांचा ढीग पडलेला असतो. गवंडी हलगर्जी, असे आपण म्हणून मोकळे होतो. आमच्या मते पुष्कळसा दोष नकाशाचा असतो.

खानदेशातली जुनी धाब्याची घरे पाहा. घर फुटात नव्हे, खणात मोजत. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. लाकूड जेवढे लांब मिळेल, तेवढीच खोली रुंद. घर उतरवले तरी तुळई नव्या घरात चाले.

आता सळईचे गणित घेऊ. बाजारात सळई 12 मीटरची, म्हणजे सुमारे 39 फूट 4 इंच येते. खोली 12 फूट रुंद असेल आणि भिंतीवरच्या टेकणासह तुकडा 13 फुटांचा लागत असेल, तर एका सळईत तीन तुकडे बसतात, वाया जातात चार इंच. खोली एकच फूट वाढवली, की तुकडा 14 फुटांचा होतो. सळईत दोनच बसतात आणि सव्वाअकरा फूट उरते. असे 40 तुकडे लागले तर 14 ऐवजी 20 सळया आणाव्या लागतात. 10 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 0.62 किलो भरते, म्हणजे बेचाळीसेक किलो लोखंड बाजूला पडले! शेजारी 10 फुटी स्वयंपाकघर काढले असेल तर ते तुकडे तिथे खपतात. म्हणून दोन्ही खोल्यांची मापे एकत्रच ठरवावीत.

विटांचेही तेच. भट्टीवरून आलेल्या दहा विटा दर्ज्यासह ओळीने मांडून माप घ्यावे. खिडकी-दारांमधली भिंत त्या मापात बसवली, की वीट फोडावी लागत नाही. गोठ्याचा पत्रा 10 फुटी घेणार असाल तर उतार त्यावरूनच धरावा.

सर्वांत वाईट म्हणजे झालेली भिंत नळासाठी नि वायरसाठी फोडणे. मोरी, नळ, बोर्ड यांच्या जागा घरातल्या बायामाणसांना विचारून पाया खणण्यापूर्वीच नकाशावर मांडाव्यात. स्वयंपाकघरात वावर त्यांचाच असतो.

एवढे करूनही उरलेले विटांचे तुकडे जोत्याच्या भरावात चालतात. प्लास्टिक, रंगाचे डबे मात्र त्यात टाकू नयेत. आणि उरलेले लोखंड कोणाचे, हे ठेकेदाराशी बोली करतानाच ठरवून घ्यावे.